जुना संगणक उघडताना

१९८२ साली दोन घरगुती संगणक बाजारात आले. इंग्लंडमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम आणि अमेरिकेत कमोडोर ६४. घरातल्या टीव्हीला जोडायचे, कॅसेटवरून प्रोग्राम चढवायचा आणि तो चढेपर्यंत चार-पाच मिनिटे वाट बघत बसायचे, असा त्यांचा कारभार. स्पेक्ट्रमची मेमरी ४८ किलोबाइट, कमोडोरची ६४. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही त्यात मावणार नाही. दोन्हींचे उत्पादन थांबून तीस वर्षे होऊन गेली. तरीही ब्रिटन, जर्मनी, पोलंड, अमेरिका अशा देशांत अनेक माणसे रविवारची दुपार हीच यंत्रे उघडण्यात, त्यांतले निकामी भाग बदलण्यात आणि ती पुन्हा चालती करण्यात घालवतात. त्यातली बरीचशी आता पन्नाशी-साठीला पोचली आहेत.

घरच्यांचे यावर मत ठरलेले असते. ‘हे भंगार कशाला आणून ठेवलंय?’ हा पहिला प्रश्न. ‘त्या धुरातल्या शिशानं आजारी पडाल’ ही दुसरी सूचना. पहिल्या प्रश्नाला छंद करणाऱ्याकडे सहसा उत्तर नसते आणि दुसऱ्या सूचनेकडे तो लक्ष देत नाही. वैद्यकाच्या नजरेतून पाहिले तर दोन्ही गोष्टी जरा वेगळ्या दिसतात. मध्यमवयात धरावेत अशा छंदांमध्ये या छंदाचा क्रमांक बराच वर लागायला हवा. त्यात धोके आहेत, हेही खरे. पण लोक ज्याला घाबरतात तो धोका बहुधा भलत्याच ठिकाणी शोधलेला असतो, आणि खरा धोका शेजारीच बसलेला असतो.

दुरुस्त होण्यासाठीच घडलेली यंत्रे

ही यंत्रे म्हणजे नुसती खेळणी नव्हती. कमोडोर ६४ एक कोटीहून अधिक विकला गेला. ब्रिटनमध्ये १९८१च्या अखेरीस आलेला बीबीसी मायक्रो शाळाशाळांत पोचला. तो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीतील सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे १९८५मध्ये ‘आर्म’ हा प्रोसेसर घडवला. आज बहुतेक मोबाइलच्या पोटात त्याच घराण्याची चिप असते. भारताशीही या यंत्राचे नाते आहे. १९८४मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ हा शालेय संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा पहिल्या टप्प्यात सुमारे अडीचशे शाळांमध्ये जे संगणक आले ते बीबीसी मायक्रोच होते. त्या वेळी चपला बाहेर काढून वातानुकूलित खोलीत शिरणारी मुले आज पन्नाशीच्या उंबरठ्यावर किंवा त्यापलीकडे आहेत.

या यंत्रांचे आजच्या लॅपटॉपहून वेगळेपण असे, की ती उघडता येतात. चार-सहा स्क्रू काढले की बोर्ड समोर. आयसी बोटाच्या पेराएवढ्या, त्यांचे पाय बोर्डाच्या आरपार गेलेले, काही तर सॉकेटमध्ये नुसत्या बसवलेल्या. मोठ्या भिंगाखाली, थोड्या सरावाने, पन्नाशीतल्या माणसालाही त्या काढता-बसवता येतात. त्यांचे सर्किटचे नकाशे उपलब्ध आहेत. कुठल्या पायावर किती व्होल्ट असायला हवेत, हे छापील स्वरूपात मिळते. आजच्या मोबाइलमध्ये बिघाड झाला तर दुकानदार अख्खा बोर्ड बदलतो. जुन्या संगणकात नेमका कोणता रुपयादोनरुपयांचा भाग गेला, हे शोधता येते. हा शोध हाच या छंदाचा गाभा आहे.

तो शोध कसा चालतो, हे पाहण्यासारखे आहे. अनुभवी माणूस जुना संगणक हाती आला की तो लगेच चालू करून बघत नाही. कमोडोर ६४चा विजेचा ठोकळा जुना झाला की त्यातला रेग्युलेटर कधीकधी असा बिघडतो, की पाच व्होल्टऐवजी जास्त व्होल्ट सोडतो, आणि तेवढ्याने मेमरीच्या आयसी जळून जातात. म्हणून आधी ठोकळा वेगळा तपासायचा. मग बोर्ड डोळ्यांनी पाहायचा. कुठे काळे पडले आहे का, कुठे हिरवा गंज चढला आहे का, कुठला कपॅसिटर फुगला किंवा पाझरला आहे का. मग वास. मग मल्टिमीटर. त्यानंतर वीज. स्पेक्ट्रममध्ये कीबोर्डाखालचा प्लॅस्टिकचा पातळ पडदा वाळून तडकतो. त्यामुळे बटणे चालत नाहीत आणि नवखा माणूस मात्र मुख्य आयसीवर संशय घेतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, हा नियम इथे मोडला की गोंधळ वाढतो. रुग्णाची हकीगत, निरीक्षण, तपासणी, चाचण्या आणि मगच औषध, हा क्रम वैद्यकाच्या पहिल्या वर्गात शिकवतात. औषधांची सरबत्ती करून निदान होत नाही. तसेच भाग बदलत सुटल्याने संगणक दुरुस्त होत नाही.

मेंदूला काय मिळते

छंदाने मन ताजे राहते, हे आजीलाही ठाऊक असते. त्याला आता आकड्यांचाही थोडा आधार मिळाला आहे. ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात २०२३मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिका, जपान, चीन, इंग्लंड आणि युरोपातील १२ देश, अशा एकूण १६ देशांतील ६५ वर्षांवरील ९३,२६३ माणसांची माहिती त्यात तपासली होती. ज्यांना एखादा छंद होता, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे कमी आणि आनंद, समाधान जास्त आढळले. मात्र या निष्कर्षाचा अर्थ जपून लावायला हवा. ज्याची तब्येत आणि मन मुळात बरे आहे, तोच छंद धरू शकतो, हेही तितकेच शक्य आहे. असे अभ्यास दिशा दाखवतात. कारण-परिणामाची शंभर टक्के ग्वाही देत नाहीत.

दुसरा अभ्यास लहान, पण अधिक नेमका. अमेरिकेत डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सिनॅप्स प्रोजेक्ट’मध्ये ६० ते ९० वयाची २२१ माणसे होती. काहींना तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, गोधडीकाम किंवा डिजिटल फोटोग्राफी शिकवली. काहींना तेवढाच वेळ गप्पा, सहली, एकत्र जमणे. आणखी काहींना घरी बसून ऐकायची-पाहायची, सोपी कोडी सोडवायची कामे. स्मरणशक्तीत सुधारणा दिसली ती नवे आणि अवघड कौशल्य शिकणाऱ्यांच्या गटात. नुसत्या करमणुकीने किंवा सोबतीने तेवढा फरक पडला नाही.

यात संगणकदुरुस्ती नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण त्या प्रयोगात ज्या गोष्टी कामी आल्या असाव्यात, त्या सगळ्या इथे आहेत. नवे शिकावे लागते, ते सोपे नसते, हात आणि डोळे आणि डोके एकाच वेळी वापरावे लागतात, आणि शिकणे संपत नाही. रोज तेच शब्दकोडे सोडवणारा माणूस शब्दकोड्यात तरबेज होतो. त्याच्या बाकीच्या बुद्धीला त्याचा किती फायदा होतो, हा वादाचा विषय आहे. त्या मानाने सर्किटचा नकाशा वाचायला शिकणे ही वेगळी मेहनत आहे. म्हणून या छंदाने स्मृतिभ्रंश टळतो असे कोणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. मात्र निवृत्तीनंतर टीव्हीसमोर बसून राहण्यापेक्षा हे बरे, असे म्हणायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट कुठल्याही तक्त्यात मावत नाही. नोकरीतली बहुतेक कामे अर्धवट असतात. फाइल पुढे सरकते, बैठक पुढे ढकलली जाते, काम संपल्याचे समाधान क्वचितच मिळते. दुरुस्तीत मात्र यंत्र चालते किंवा चालत नाही. काळ्या पडद्यावर अक्षरे उमटली की कोणाची शाबासकी लागत नाही. आणि नाही उमटली, तरी उद्या पुन्हा बसता येते. हरण्याची ही घरगुती सवय मनासाठी वाईट नाही.

धुराची भीती आणि बोटांवरचे शिसे

आता धोक्यांकडे. जुन्या सोल्डरमध्ये कथील आणि शिसे असते. साधारण ६० भाग कथील, ४० भाग शिसे. सोल्डरिंग करताना वर येणारा धूर म्हणजे शिशाची वाफ, अशी पक्की समजूत आहे. ती चुकीची आहे. हा मिश्रधातू १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो. सोल्डरिंगच्या टोकाचे तापमान साधारण ३५० अंश असते. शिसे उकळायला १,७०० अंशांहून अधिक तापमान लागते. त्यामुळे त्या धुरात शिसे नगण्य असते. तो धूर असतो सोल्डरच्या तारेत भरलेल्या राळेचा, म्हणजे पाइन वृक्षाच्या चिकापासून बनवलेल्या फ्लक्सचा.

म्हणून तो निरुपद्रवी, असे मात्र नाही. राळेचा धूर हे व्यवसायजन्य दम्याचे ओळखलेले कारण आहे. आरंभी नाक चोंदते, डोळे चुरचुरतात, खोकला येतो. काही माणसांत त्याची ॲलर्जी तयार होते आणि एकदा ती झाली की नंतर थोडासा धूरही छातीत घरघर निर्माण करतो. ज्यांना आधीच दमा आहे त्यांनी तर विशेष जपावे. आणि इथे दुसरा गैरसमज आडवा येतो. शिसेविरहित सोल्डर घेतले म्हणजे धूर सुरक्षित झाला, असे लोकांना वाटते. त्या तारेतही फ्लक्स असतोच, शिवाय ती वितळवायला जास्त तापमान लागते. धूर चेहऱ्यापासून दूर ओढणारा छोटा पंखा, उघडी खिडकी आणि डोके थेट बोर्डावर न झुकवणे, हे खरे उपाय आहेत. कापडी मास्कने हा धूर अडत नाही.

शिसे मग शरीरात जाते कुठून? हातातून तोंडात. सोल्डर हाताळलेल्या बोटांनी फरसाण खाल्ले, टेबलावरच चहा ठेवला, दोन्ही हात गुंतले म्हणून तार दातांत धरली, की काम झाले. ही शेवटची सवय कमी नाही आणि ती सर्वांत वाईट आहे. मोठ्या माणसात शिसे थकवा, पोटदुखी, बद्धकोष्ठता, रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब अशा रूपांत प्रकटते. यांतले एकही लक्षण असे नाही की पाहताच शिशाचा संशय यावा. रक्तातले शिसे काही आठवड्यांनी कमी होते, पण हाडांत गेलेले शिसे वर्षानुवर्षे तिथेच राहते.

अधूनमधून दुरुस्ती करणाऱ्या, हात धुणाऱ्या माणसाला यापासून फार मोठा धोका नाही. खरी काळजी घरातल्या लहान मुलांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, आणि तेवढेच शिसे पोटात गेले तर लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार-पाचपट शोषून घेते. त्याचा परिणाम बुद्धीच्या वाढीवर होतो आणि तो भरून निघत नाही. गर्भवतीच्या शरीरातून शिसे बाळापर्यंत पोचते. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग नको. सोल्डरचे पडलेले मणी आणि बोर्डावरची धूळ झाडूने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि रांगणारे नातवंड घरात असेल तर दार बंद होणारी वेगळी खोली हवी. तशी खोली नसेल तर ते मूल मोठे होईपर्यंत कामाची जागा घराबाहेर शोधावी. हा सल्ला कडक वाटेल, पण त्यात सवलत देण्यासारखे काही नाही.

डोळा, वीज आणि काच

अमिगासारख्या काही संगणकांत घड्याळ चालू राहावे म्हणून निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी बसवलेली असे. वीस-तीस वर्षांनी ती पाझरते. त्यातून येणारा द्राव तीव्र अल्कली असतो आणि तो बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. हे निस्तरण्याची रीत अशी की बॅटरी काढायची, तिथे व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचे पाणी लावायचे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचे. बोर्डासाठी हे ठीक. पण डोळ्यात थेंब उडाला तर व्हिनेगर कधीही वापरू नये. अल्कली आम्लापेक्षा डोळ्यात खोल शिरते, त्यामुळे एक-एक मिनिट मोलाचा. लगेच नळाच्या किंवा पिण्याच्या स्वच्छ पाण्याने डोळा उघडा धरून किमान १५ ते ३० मिनिटे धुवावा आणि मग थेट नेत्रतज्ज्ञाकडे जावे. आधी दवाखाना आणि मग धुणे, हा क्रम दृष्टी घालवू शकतो. दोनशे रुपयांत मिळणारा संरक्षक चष्मा घातला तर या प्रसंगाची वेळच येत नाही. तोटीने कापलेले आयसीचे पायही डोळ्याच्याच दिशेने उडतात, हे लक्षात ठेवावे. काढलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नये; कॅडमियम विषारी आहे, ती ई-कचरा संकलन केंद्रातच द्यावी.

विजेच्या बाबतीत सगळी यंत्रे सारखी नाहीत. स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ यांना वीज बाहेरच्या ठोकळ्यातून कमी दाबाने मिळते, त्यामुळे त्यांचा बोर्ड हाताळताना शॉकचा धोका फारसा नाही. नवशिक्याने सुरुवात इथून करावी. बीबीसी मायक्रोमध्ये मात्र घरची वीज थेट पेटीच्या आत येते. तिथल्या पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर तीनशेहून अधिक व्होल्ट धरून ठेवतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ भरलेला राहू शकतो. त्याच ठिकाणी असणारे कागदी गाळणी-कपॅसिटर वयोमानाने तडकतात, हवेतली ओल शोषतात आणि एके दिवशी फटकन धूर सोडतात. ते न तपासता बदलून टाकलेले बरे.

सर्वांत धोकादायक वस्तू संगणकात नसतेच. ती त्याच्या शेजारी असते. जुना काचेच्या नळीचा मॉनिटर किंवा टीव्ही. रंगीत नळीला वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि नळी स्वतःच एखाद्या कपॅसिटरसारखी तो साठवून ठेवते. त्या झटक्याने माणूस दगावलाच पाहिजे असे नाही. पण हात जोरात मागे येतो, नळीची मान आपटून फुटते, काचा उडतात. लोक या पडद्यांतून येणाऱ्या ‘किरणांना’ घाबरतात. पण क्ष-किरण अडवण्यासाठीच तर त्या काचेत शिसे असते. ज्याने हे काम शेजारी बसून, हाताखाली शिकलेले नाही, त्याने मॉनिटरची पेटी उघडू नये. चित्रफीत पाहून शिकण्याचे हे काम नाही.

पिवळट पडलेले प्लॅस्टिक पुन्हा पांढरे करण्यासाठी बरेच जण हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रीम लावून ते उन्हात ठेवतात. केस रंगवण्याच्या दुकानात मिळणारी ही क्रीम १२ टक्क्यांपर्यंत असते. जखम धुवायला वापरतात त्याच्या चौपट तीव्र. हातमोजे नसतील तर त्वचा पांढरी पडून आग होते, डोळ्यात गेली तर पारपटल भाजते. आयसोप्रोपिल अल्कोहोल झटकन पेट घेते. ती बाटली गरम सोल्डरिंगजवळ ठेवू नये. चटका बसलाच तर वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली हात धरावा. टूथपेस्ट, तूप, हळद, शाई यांतले काहीही लावू नये. मधुमेहामुळे ज्यांच्या बोटांची जाणीव कमी झाली आहे त्यांना चटका बसल्याचे उशिरा कळते. त्यांनी चिमट्याशिवाय काम करू नये. ज्यांना पेसमेकर बसवला आहे, त्यांनी ट्रान्सफॉर्मरवर चालणारी सोल्डरिंग गन छातीजवळ धरू नये आणि हा छंद सुरू करण्यापूर्वी आपल्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारावे.

याशिवाय वयाचे म्हणून काही हिशेब असतात. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते आणि साध्या वाचनाच्या चष्म्याने आयसीवरचे अंक दिसत नाहीत. मग माणूस मान वाकवून नाक बोर्डाला टेकवतो. धूरही जातो आणि मानही धरते. दिव्यासह असलेले स्टँडचे भिंग घ्यावे, बोर्ड उंच ठेवावा, अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. रात्री बारानंतर ‘एवढा एक सांधा करून उठतो’ म्हणणाऱ्यांची झोप जाते आणि चुकाही तेव्हाच होतात.

साठवणे म्हणजे जपणे नव्हे

घरच्यांचा पहिला प्रश्न, भंगाराचा, तोही टाळण्यासारखा नाही. एक संगणक दुरुस्त करायला सुट्या भागांसाठी दुसरा आणला जातो, मग तिसरा. वस्तू टाकवत नाही, टाकायचा विचार आला तरी अस्वस्थ वाटते, खोलीत वावरायला जागा उरत नाही आणि घरात भांडणे होतात, अशी अवस्था आली तर तो छंद राहत नाही. साठवणुकीचा विकार हा आता स्वतंत्र मानसिक आजार म्हणून मान्य झालेला आहे आणि त्यावर उपचार आहेत. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. छंद असलेला माणूस वर्षभरात किती यंत्रे चालू केली ते सांगतो. विकार जडलेला माणूस किती आणली ते सांगतो.

इथेच सुधारणेचा, म्हणजे अपग्रेडचा मुद्दा येतो. कॅसेट आणि फ्लॉपीऐवजी मेमरी कार्ड बसवणे, टीव्हीच्या जुन्या जोडणीऐवजी आजच्या पडद्याला जोडता येईल असा भाग लावणे, विजेचा ठोकळा नवा घेणे, हे सगळे आज शक्य आहे. काही शुद्धतावाद्यांना ते भ्रष्टाचारासारखे वाटते. यंत्र जसे होते तसेच राहावे, असा त्यांचा आग्रह. संग्रहालयापुरता तो योग्य आहे. घरात वापरायच्या यंत्राबाबत मात्र तो धरू नये. पाझरणारी बॅटरी, तडकलेला कपॅसिटर, चाळीस वर्षांचा विजेचा ठोकळा आणि काचेची नळी हे चारही भाग मूळचे असले तरी धोक्याचे आहेत, आणि ते बदलल्याने संगणकाचा स्वभाव बदलत नाही. काढलेले निर्धोक भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवावेत. पुढच्या माणसाला काय बदलले हे कळले पाहिजे. रुग्णाच्या केसपेपरइतकेच ते महत्त्वाचे आहे.

जतनाचे काम किती मोठे होऊ शकते याचे उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. १९५१चा, अडीच टन वजनाचा ‘विच’ हा संगणक ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणक संग्रहालयात स्वयंसेवकांनी तीन वर्षे खपून २०१२मध्ये पुन्हा चालू केला. पुस्तकात न लिहिलेले बरेच काही अशा वेळी हाताला माहीत असावे लागते, आणि ते हातातून हातातच जाते. शिकलेली पिढी म्हातारी होते आहे. तिच्याकडून शिकून घेणारे तरुण शेजारी बसलेच नाहीत तर ते ज्ञान तिच्याबरोबर संपेल.

दुरुस्तीची किंमत

जगात २०२२मध्ये ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला, असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो. उरलेल्यातला बराच भाग गरीब वस्त्यांत हाताने फोडला जातो, तारा जाळल्या जातात, बोर्ड आम्लात बुडवले जातात. तिथे शिशाची बाधा छंदापायी होत नाही, पोटापायी होते, आणि त्यात मुलेही असतात. हौशी माणसांनी काही हजार जुने संगणक दुरुस्त केल्याने हा डोंगर हलणार नाही. पण वस्तू बिघडली की टाकायची, ही सवय जिथे तयार झाली तिथे ती मोडणारे कोणीतरी दिसावे लागते. ॲमस्टरडॅममध्ये २००९मध्ये सुरू झालेल्या ‘रिपेअर कॅफे’ची कल्पना, म्हणजे ठरावीक दिवशी जमून एकमेकांच्या वस्तू दुरुस्त करायच्या, आता अनेक देशांत पोचली आहे. भारतातही ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. हक्क कागदावर आला तरी दुरुस्त करणारे हात लागतीलच. सरकारी रुग्णालयांच्या कोपऱ्यांत एखाद्या छोट्या भागापायी धूळ खात पडलेली उपकरणे पाहिली की या हातांची किंमत कळते.

महाराष्ट्रात स्पेक्ट्रम किंवा अमिगा सहजी सापडणार नाही, आणि परदेशातून मागवण्यात पैसे घालण्याची गरजही नाही. माळ्यावरचा नव्वदीतला पीसी, बंद पडलेला ट्रान्झिस्टर, जुना कॅसेट प्लेअर यांपासून तोच अभ्यास सुरू होतो. तालुक्याच्या आयटीआयने आणि शाळांच्या प्रयोगशाळांनी महिन्यातून एक शनिवार दार उघडे ठेवले, तर हवेशीर जागा, चांगली हत्यारे आणि शेजारी बसून शिकवणारा माणूस, या तिन्ही गोष्टी एकदम मिळतील. निवृत्त तंत्रज्ञाला काम मिळेल आणि घरातल्या लहान मुलांपासून शिसेही दूर राहील. तोवर ज्यांना हा नाद लागला आहे त्यांनी चष्मा घालावा, खिडकी उघडावी, टेबलावर खाऊ-पिऊ नये आणि उठल्यावर हात धुवावेत. घरच्यांनीही त्यांना थोडी जागा द्यावी. एका टेबलाएवढी पुरते.